लवूच्या नावाचं गाऱ्हाणं

राजाराम जानकीच्या घरी आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. तिचं पोरगं लवू जाऊन दीड वर्ष झालेलं, भिंतीवर त्याचा फोटो, फोटोला हार, आणि हा शहाणा त्याच फोटोखाली पेढे ठेवून म्हणतो, "मावशी, लवूवरची कादंबरी छापून आली." जानकीच्या हातात तांदळाचं सूप होतं. ते त्याच्या डोक्यात घालावं असं तिला फार वाटलं. पण नवरा दत्ताराम शेजारी बसला होता, मुलगी सुलक्षणा अभ्यास करत होती, आणि मरोळच्या चाळीत भिंती इतक्या पातळ की पलीकडच्या खोलीत कोणी शिंकलं तर अलीकडे कळायचं. तिने सूप खाली ठेवलं आणि त्याला पाणी दिलं.

हा राजाराम म्हणजे वांद्र्याच्या एका बड्या डॉक्टरचा एकुलता एक. तिशी उलटलेली, दाढी वाढवलेली, अंगात खादीचा चुरगळलेला झब्बा, आणि पायात वहाणा मात्र भारीतल्या. पोरं त्याला राजाभाऊ म्हणत. चार-पाच वर्षांपूर्वी गिरण्यांचा संप झाला, त्यात दत्तारामची नोकरी गेली ती गेलीच. गिरणीत कापडाचे साचे चालवणारा माणूस मरोळच्या एका कारखान्याच्या गेटावर दंडुका घेऊन बसू लागला. त्याच दिवसांत हा राजाभाऊ मरोळला आला, कामगारांच्या पोरांचा अभ्यास करायला म्हणे. एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या शेडमध्ये त्याने बैठक जमवली. लवू तेव्हा एकोणीसचा, बारावीला नापास झालेला, बापाच्या नोकरीचं काय झालं ते बघून आतल्या आत जळत असलेला.

राजाभाऊ तिथे पोरांना अमेरिकन कादंबऱ्या मराठीत करून सांगायचा. फाटक्या कव्हरांची पुस्तकं मांडीवर घेऊन बसायचा आणि दोन तास बोलायचा. तिकडे म्हणे मोठं युद्ध संपलं, घरोघर गाडी आली, फ्रिज आला, आणि तिथल्या पोरांना या सगळ्याचा वीट आला. त्यांनी नोकरीवर लाथ मारली, घरं सोडली, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भटकले, गांजा ओढला, सुया टोचून घेतल्या, आणि समाजाच्या तोंडावर थुंकून कादंबऱ्या लिहिल्या. लवू हे सगळं घरी येऊन सांगायचा. त्याचे डोळे चमकायचे तेव्हा.

"आई, ते लोक म्हणतात नोकरी म्हणजे गुलामगिरी. बाबांनी पंचवीस वर्षं केली ना गुलामगिरी? मग, काय मिळालं?"

 जानकीला एवढंच वाटलं होतं, की फ्रिजचा वीट यायला आधी घरात फ्रिज लागतो. ते ती बोलली नाही, पोराची खिल्ली नको म्हणून. नंतर त्याचा तिला फार राग आला, स्वतःचाच. तेव्हाच त्याची यथेच्छ खिल्ली उडवली असती तर बरं झालं असतं.

जानकी एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. गोळ्यांच्या पट्ट्यांना लागते ती चंदेरी पन्नी, तिचे वाया गेलेले तुकडे बायका घरी आणत. चाळीच्या गणपतीचं मखर दरवर्षी त्याच पन्नीचं व्हायचं आणि ते लवू करायचा. झकास करायचा. त्या वर्षी मखर उतरवून माळ्यावर टाकलं होतं. दिवाळीत ते जानकीने काढलं तर मागच्या बाजूची पन्नी सगळी फाडून नेलेली, आणि कोपऱ्यात पडलेल्या दोन-चार तुकड्यांवर काळे ओघळ. पन्नीवर ती तपकिरी पूड ठेवतात, खालून काडी धरतात आणि धूर नळीने ओढतात, हे तिला तोवर माहीत नव्हतं. पेपरात गर्द गर्द म्हणून छापून येत होतं, ते दुसऱ्यांच्या पोरांचं असं तिला वाटायचं. गणपतीच्या पाठीमागची पन्नी. 

पुढचं सगळ्यांनाच ठाऊक असतं. घरातला कुकर गेला, तांब्याची कळशी गेली, सुलक्षणाच्या कानातले गेले. दत्तारामने मारलं, जानकीने पाय धरले, बुवा झाला, दवाखाना झाला. शेवटच्या दिवसांत लवू मोरीच्या कडेला अंग चोरून पडून राहायचा. अशाच एका दुपारी त्याने आईला सांगितलं. पहिली सिगारेट राजाभाऊने गर्द भरून दिली होती. "ओढ, लवू. दार उघडतं," असं म्हणाला होता. मग रोजची पुडी आणायला लवूलाच पाठवायचा, कारण स्वतः पकडला गेला असता तर डॉक्टरांचं नाव गेलं असतं. दोघं एकाच पन्नीवर ओढायचे. मग एके दिवशी राजाभाऊ दिसेनासा झाला. बापाने त्याला उचलून डोंगरावरच्या कुठल्याशा खासगी दवाखान्यात नेऊन ठेवलं होतं. तीन महिन्यांनी तो गुटगुटीत होऊन परत आला. लवू त्याआधीच गेला होता, त्याच मोरीपाशी, पहाटेचं पाणी भरायला जानकी उठली तेव्हा.

पोलिसांत जाऊन काय सांगणार? मेलेला गर्दुल्ला काय म्हणाला ते? जानकीने ते गिळलं. पण गिळलं म्हणजे पचलं असं नव्हे. ऐन जेवताना तिचा घास थांबायचा आणि ती भिंतीकडे बघत मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या मोजायची. मेल्या, तुझे हात झडोत. मेल्या, तुझं वाटोळं होवो. त्याने पोट भरायचं नाही ते नाहीच.

आणि आता तोच माणूस पेढे घेऊन आला होता.

"मावशी, अर्पणपत्रिकेत त्याचंच नाव आहे. लवूस," राजाराम म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. जानकीने ते बघितलं. रडतो आहे मेला, असं ती मनात म्हणाली, आणि तिला त्याची आणखीनच चीड आली. "आणि काका, तुमच्याकडे एक मागणं आहे. प्रकाशन अंधेरीला, रविवारी सकाळी. दिवे लावणं, शाल, हार, असलं शेटजी-भटजींचं थोतांड मला नकोय. कार्यक्रमाची सुरुवात तुमच्या गाऱ्हाण्याने करायची. लवू नेहमी सांगायचा, बाबा गाऱ्हाणं घालतात तेव्हा चाळ हलते. कादंबरीचा शेवटही गाऱ्हाण्यानेच केलाय मी."

गाऱ्हाणं हा दत्तारामचा मान होता. नारळ आणि विडा हातात घेऊन देवापुढे उभं राहायचं, सगळ्यांच्या वतीने मालवणीत देवाला साकडं घालायचं, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गणपती असो, शिमगा असो, चाळीत दुसऱ्या कोणाला ते जमत नसे. लवू गेल्यापासून त्याने एकदाही घातलं नव्हतं.

"माका नाय जमाचा," दत्ताराम खाली बघत म्हणाला.

"काका, मी लिहूनच आणलंय, फक्त म्हणायचं."

"गाराणा लिवलेला नसता. आणि ता नाटक नाय. एकदा नारळ हातात घेतलो काय देव ऐकता. जमलेल्या सगळ्यांनी व्हय म्हणूक होया. एक जरी गप ऱ्हवलो तरी गाराणा पुढे जाणा नाय."

राजाराम हरखून गेला. "वा, हे तर मला ठाऊकच नव्हतं. मग एकही माणूस गप्प राहणार नाही, काका. मी स्वतः माइक घेऊन शेजारी उभा राहीन आणि सगळ्या सभागृहाकडून म्हणवून घेईन. सगळ्यात मोठ्याने मीच म्हणेन."

जानकी परत सूप घेऊन बसली होती, तिचे सुपातले हात थांबले.

"हे येतील," ती म्हणाली. "आम्ही सगळेच येऊ. चाळीतली माणसंही आणू का?"

"आणा ना, मावशी. सगळ्यांना आणा."

तो गेल्यावर दत्तारामने तिच्याकडे बघितलं. "तू हो कित्या म्हटलंस गो?"

 जानकीने राजाराम ठेवून गेला ते पुस्तक सुलक्षणाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "वाच."

सुलक्षणा कॉलेजात जाणारी. तिने दोन दिवसांत पुस्तक संपवलं आणि आईला मुद्द्याचं तेवढं वाचून दाखवलं. पुस्तकातला पोरगा लहू. गिरणी कामगाराचा मुलगा. व्यवस्थेला लाथ मारणारा, हसत हसत मरणारा. मोरीबिरी काही नव्हती, मरण समुद्रकाठी होतं, सूर्य बुडताना. जानकी ऐकत राहिली. मग सुलक्षणा थांबली.

"पुढे वाच."

"नको आई."

"वाच म्हणते ना."

सुलक्षणाने वाचलं. पुस्तकात एक शिकलेला, हळवा, गोंधळलेला तरुण होता. त्याला लहू भेटतो आणि एका संध्याकाळी लहू त्याच्या हातात पहिली सिगारेट ठेवतो. म्हणतो, "ओढ. दार उघडतं." त्या रस्त्यावरून तो तरुण कसाबसा परत फिरतो आणि लहूची गोष्ट जगाला सांगायला जिवंत राहतो.

जानकी उठून मोरीपाशी गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. पोराला मारलं ते मारलं. वर स्वतःचेच शब्द मेलेल्याच्या तोंडात घातले. आता ते छापलं गेलं. उद्या सुलक्षणाच्या मुलांनी उघडून वाचलं तरी त्यांचा मामा हाच, लोकांच्या हातात विष ठेवणारा. तिला ते अमेरिकेतले कादंबरीवालेही आठवले, लवूच्या तोंडून ऐकलेले. त्यांच्याबरोबर कोणी लवू होते की नव्हते, कोण जाणे. लिहायला तर तेच उरले होते, जे घरी परत आले.

"तेच्याच तोंडातसून वदवून घेतलंय नाय," ती दत्तारामला म्हणाली, "तर जानकी नाव सांगूचंय नाय. तुम्ही गाराणा घालूचास. आणि खरा काय ता सांगूचास. तो माइक घेवन व्हय म्हणतलो."

दत्तारामने मान हलवली. "देवाकडे कोणाचा वायट मागूचा नसता. उलटता ता. आपल्यारच येता."

"आपल्यार आणखी काय येवचा ऱ्हवला हा?"

"सुलू असा," तो म्हणाला.

 नवऱ्याचं म्हणणं खोटं नव्हतं. देवाच्या तोंडी लागायचं तर हात स्वच्छ ठेवूनच. पुढचे सगळे दिवस पट्ट्या पॅक करता करता तिच्या डोक्यात तेच चालू होतं. कोणाचं वाईट मागायचं नाही आणि तरी त्याला सोडायचंही नाही. शनिवारी पाळी संपवून ती घरी आली तेव्हा तिला काय मागायचं ते कळलं होतं. दत्तारामला म्हणाली, "वायट नाय मागूचा. शब्द माझो."

रविवारी सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत राजारामची मंडळी, जाड चष्मे, खांद्याला शबनम, दोन वर्तमानपत्रवाले. पहिल्या रांगेत त्याचे आईवडील. मागे मरोळची चाळ, बायका इस्त्रीच्या साड्यांत. स्टेजवर टेबलावर कादंबऱ्यांचा ढीग, शेजारी पाटावर केळीचं पान, पानावर नारळ आणि विडा, बाजूला सुरी. राजारामने माइक घेतला आणि लोकांना समजावलं, हे आपलं मातीतलं बंडाचं रूप आहे, इथे देवालाही जाब विचारतात, आणि इथे प्रेक्षक कोणी नसतो, एक जरी गप्प राहिला तरी गाऱ्हाणं अडतं. त्याने सगळ्यांकडून दोनदा ‘व्हय म्हाराजा’ म्हणवून घेतलं. दुसऱ्या वेळेला चष्मेवालेही मजेत ओरडले. मग तो माइक घेऊन दत्तारामच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. जानकी दुसऱ्या बाजूला, पदर खोचून.

दत्तारामने नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा, आज हय जमलेल्या सगळ्या लेकरांच्या वतीन तुका हो नारळ ठेवतंय, तो मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." राजारामचा आवाज सगळ्यात वर.

"जो कोण बऱ्या मनान हय इलो आसात, तेचा बरा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझो झील लवू…"

आणि दत्ताराम थांबला. त्याचे ओठ हलत होते पण आवाज निघेना.  राजारामने हळूच खिशातून लिहिलेला कागद काढला आणि त्याच्यापुढे धरला. सभागृहात कोणी तरी खोकलं. जानकीने नवऱ्याच्या हातातून नारळ काढून घेतला.

बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. मागच्या रांगेतल्या चाळीतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. राजारामचा चेहरा मात्र उजळला. बाईने नारळ घेतला, आणखी काय पाहिजे बंड म्हणून. त्याने माइक तिच्या दिशेला थोडा पुढे केला.

"माझो झील लवू एकवीस वर्सांचो होतो," जानकी म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण फाटलाही नाही. "तेना कधी कोणाक इख दिल्यान नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळं सभागृह. राजारामही, सवयीने.

"ती पूड तेका पयल्यांदा दिल्यान ती एका शिकलेल्या माणसान. ‘ओढ, दार उघडता’ म्हणान आपल्या हातान दिल्यान रे म्हाराजा."

पुढच्या रांगांतून ‘व्हय म्हाराजा’ आलं, ज्यांनी अजून पुस्तक वाचलं नव्हतं त्यांच्याकडून. मागून चाळीचं आलं, आणि ते आता मजेतलं नव्हतं. राजारामचं तोंड उघडं राहिलं होतं. त्याने ते शब्द ओळखले होते.

जानकी नारळ धरून त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"एक माणूस गप ऱ्हवलो," ती म्हणाली. "सगळ्यांनी म्हटल्याशिवाय गाराणा पुढे जाणा नाय. ह्या तुमीच सांगितलास लोकांका."

 माइक राजारामच्याच हातात होता. तो खाली ठेवला असता तर लोक म्हणाले असते, का ठेवला. नाही म्हणाला असता तर मेलेल्या पोराच्या आईला, नारळ हातात असताना, खोटं पाडलं असतं, आणि ते त्याला सगळ्यांसमोर सिद्ध करावं लागलं असतं. पहिल्या रांगेतून त्याच्या बापाने मान हलवली, नको म्हणून, आणि ती मान हललेली दोन्ही वर्तमानपत्रवाल्यांनी पाहिली. दत्ताराम आता ताठ उभा होता. त्याने राजारामच्या हातातला कागद अलगद काढून घेतला आणि घडी घालून टेबलावर ठेवला.

"व्हय म्हाराजा," राजाराम म्हणाला. अगदी हळू म्हणाला. पण माइकने ते शेवटच्या रांगेपर्यंत नेलं.

"तो माणूस डाक्टराकडे जावन बरो झालो, आणि माझो झील मोरयेपाशी मेलो रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता तो दर वेळी म्हणत होता. थांबायचं कुठे ते त्याला कळत नव्हतं.

"आणि त्या माणसान बुकात सगळा उलटा लिवल्यान रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

पुढच्या रांगेतल्या एका बाईने मांडीवरचं पुस्तक उघडलं होतं, ते मिटलं. दत्तारामने जानकीच्या दंडाला हात लावला. आता ती काय मागते याची त्याला धास्ती होती. तिने मान हलवली, काळजी नको म्हणून.

"देवा म्हाराजा, मी कोणाचा वायट मागणंय नाय. त्या माणसाक उदंड आयुष्य दी. शंभर वर्सां दी. तेका कसलो रोग नको, कसली पीडा नको. तेची याद शेवटपर्यंत चांगली ऱ्हवां दी. रोज सकाळी तो डोळे उघडीत, तेव्हा पयला माझ्या लवूचा तोंड तेका दिसां दी. ह्यात एक दिवस सुदिक खाडो पडां देव नको रे म्हाराजा."

चाळीतल्या बायका रडत होत्या. तरी सगळ्यांनी म्हटलं. चष्मेवाल्यांनीही म्हटलं, खाली बघून. राजारामच्या आईने म्हटलं की नाही ते ऐकू आलं नाही, तिने तोंडाला पदर लावला होता. आणि राजारामने म्हटलं, माइकवर, सगळ्यांच्या शेवटी, एकट्याने.

मग जानकीने खाली बसून पाटाच्या कडेवर नारळ आपटला. तो एका घावात फुटला, पाणी पुस्तकांच्या ढिगावर उडालं. करवंटीतून तिने सुरीने एक मोठा तुकडा काढला आणि उठून राजारामपुढे धरला.

"घे," ती त्याला म्हणाली. आजवर ती त्याला अहो-जाहो करत आली होती. "परसाद असा. नाय म्हणूचो नसता."

त्याने माइक खाली ठेवला, तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. त्याला तो चावता येत नव्हता. जानकी नारळाचा उरलेला भाग हातात धरून त्याच्यापुढे उभी राहिली, आणि त्याने तो गिळल्याशिवाय हलली नाही.